सहा जणी, एक प्रश्न आणि मागचं दार

फुग्यांच्या कारखान्यात नोकरी केली असं सांगितलं की लोक आधी हसतात, मग हमखास विचारतात, "तोंडानं फुगवायचे का हो?" तलासरीच्या डॉक्टरबाईंनीसुद्धा मला हेच विचारलं होतं. नाही हो, तोंडानं नाही. रबराचा पातळ चीक हौदात असतो, त्यात रंग मिसळलेला. लांब पट्टीवर फुग्याच्या आकाराचे साचे बसवलेले असतात. पट्टी चिकात बुडते, वर येते, गरम हवेतून जाते. फिरत्या ब्रशनं फुग्याच्या तोंडाची कड वळली जाते. मग पावडर लावून फुगा साच्यावरून सोलून काढायचा, मोज्यासारखा. एवढं झालं की तो आमच्या टेबलावर येतो. म्हणजे चेकिंगला. प्रत्येक लॉटमधले थोडे फुगे हवेच्या नळीला लावायचे, ट्यूबलाइटसमोर धरायचे आणि बघायचं. टाचणीच्या टोकाएवढं भोक, पोटाला पातळ झालेली जागा, कडेला गेलेली चीर.

हे बघणं कुणालाही शिकवता येतं. अवघड काम त्याच्या पुढचं. चेकिंगच्या बाईला एखादा लॉट वाईट वाटला, तर तिनं हात वर करून "थांबवा" म्हणायचं. समोर हौदावरचा मास्तर डोळे वटारून उभा असतो, बाहेर टेम्पोवाला हॉर्न वाजवत असतो, आणि शेठ नेमके त्याच वेळी चक्कर मारायला आलेले असतात. तेव्हा "थांबवा" म्हणणारी जी असते तिला चेकिंगची हेड म्हणतात. ती मी होते.

मी मूळची गंगाखेडकडची. आठवीत शाळा सुटली, लग्न झालं. आमचे हे ट्रेलर चालवायचे. गुजरातच्या सीमेवर अच्छाडला नाक्यावर गाड्या तासन्‌तास उभ्या राहायच्या, म्हणून ह्यांनी तिथंच एका ढाब्यामागं खोली घेतली आणि मला आणलं. मला इथलं काही कळायचं नाही. लोक मराठी बोलायचे, मधेच गुजराती व्हायचे, आणि पाड्यावरच्या बायका आपसात बोलायला लागल्या की मी नुसती तोंडाकडे बघायची. मी "का" ऐवजी "कामून" म्हटलं की त्या हसून हसून लोळायच्या. पण पहिल्या दिवशी डब्यातला भात माझ्यापुढे सरकवला तोही त्यांनीच. त्या भातावर मी इथं राहिले, असं म्हटलं तरी चालेल.

स्वभावानं मी भित्री. कुलूप लावल्यावर रस्त्याच्या वळणावरून परत येऊन ओढून बघणारी. त्यात हा भाग हादऱ्यांचा. तुम्ही बातम्यांत ऐकलं असेल, डहाणू-तलासरीकडे जमीन अधूनमधून हलते. इथली माणसं भांडी वाजली की वर बघतात, "गेला" म्हणतात आणि भाकरी उलटतात. मी मात्र पहिल्या हादऱ्यापासून जी धसकले ती अजून धसकलेलीच आहे. कारखान्यात भर दुपारी मोठा हादरा बसला होता, तेव्हा मी पॅकिंगच्या मागच्या दारातून सगळ्यात आधी बाहेर पडले होते. पदर ट्यूबलाइटच्या स्टँडला अडकून तिथंच राहिला. पुढं कित्येक दिवस कुणाला घाई झाली की बायका म्हणायच्या, "मंगलबायसारखी पळू नको, पदर घेऊन जा."

आता मुलाखतींचं सांगते. तोच माझा विषय आहे.

माझी स्वतःची मुलाखत काशीबेननं घेतली. काशीबेन म्हणजे माझ्या आधीची हेड. धिप्पाड बाई, तोंडात कायम बडीशेप. तिनं मला नाव विचारलं नाही, शाळा विचारली नाही. म्हणाली, "घरात छेल्लं, म्हणजे शेवटचं, काय फुटलं?"

मी गोंधळले. म्हटलं, "माठ."

"कसा?"

"नळावर. गर्दी होती, धक्का लागला."

"मग काय केलं तू?"

"रडले."

"अने पछी?"

"मग खालचा अर्धा भाग चांगला होता. त्यात शेजारणीच्या कोंबड्यांना पाणी ठेवलं. शेजारणीनं मग तिची कळशी दिली."

काशीबेननं बडीशेप चावली. "सोमवारथी आव," म्हणाली.

मला वाटलं बाई जरा विचित्र आहे. खूप वर्षांनी कळलं की तिनं मला एकदाही "तू काय करशील" असं विचारलं नव्हतं. "काय केलंस" एवढंच विचारलं. हा फरक किती मोठा आहे ते मला मसोलीच्या एका गृहस्थांनी शिकवलं. पॅकिंगला माणूस हवा होता. मी तेव्हा नवीन हेड, मुलाखत घ्यायला पहिल्यांदाच बसलेली. मी विचारलं, "हवेची नळी निसटली तर काय कराल?" काय सुंदर उत्तर दिलं त्यांनी! आधी मेन बंद करीन, मग सगळ्यांना बाजूला करीन, मग शांतपणे मास्तरांना कळवीन. मी भारावून गेले. त्यांच्या पहिल्याच आठवड्यात नळी खरंच निसटली आणि सापासारखी फडाफडा नाचायला लागली. हे गृहस्थ टेबलाखाली. मी दुसऱ्या टेबलाखाली. आम्ही एकमेकांकडे बघत होतो, आणि मेन बंद केला तो चहावाल्यानं. माणूस चांगला होता, आजही भेटला की घरचे चिकू देतो. पण उत्तर त्याचं नव्हतं, ते कुणाचंही असू शकलं असतं.

माझी निवृत्ती जवळ आली तेव्हा शेठची मुलगी पूर्वीबेन शिकून परत आली होती. गोड मुलगी. मला "मंगलमासी" म्हणते. तिनं सांगितलं की नवीन हेड नेमायची तर रीतसर मुलाखती घ्यायच्या, आणि मुलाखती घेणाऱ्यांनी आधी स्वतः अभ्यास करायचा.

"अभ्यास आपण करायचा?" मी विचारलं.

"हो मासी. त्यांच्यापेक्षा जास्त आपण."

शेठना हे सगळं पटलेलं नव्हतं. वापीचा एक कंत्राटदार बरेच दिवस त्यांच्या मागं होता. चेकिंग-पॅकिंग सगळं माझ्याकडे द्या, हेड माझा, बायका माझ्या, तुम्हाला डोक्याला ताप नाही. शेठ म्हणाले, "तुम्ही दोघी मुलाखती घ्या, मी ना नाय बोलत. पण मुलाखतींच्या दिवशी सांजे तो माणूस येणार. तोपर्यंत मला एक नाव द्या, पक्कं. नाव नसेल तर मी त्याला हा बोलणार." कंत्राटदाराच्या बायका आल्या की आमच्या पाड्यांवरच्या बायका घरी, हे सांगायची गरज नव्हती. मला त्या रात्रीपासून जेवण गोड लागेना.

पूर्वीबेननं माझी तयारी घेतली ती अशी. आधी आम्ही दोघी बसून आठवत गेलो, गेल्या एक-दोन वर्षांत चेकिंगला खरोखर काय काय अडलं. कुठला लॉट अडवायला हवा होता आणि अडवला नाही, कुणाची भांडणं झाली, ती कुणी मिटवली. त्यातून ठरवलं की ह्या खुर्चीवर कशा स्वभावाची बाई हवी. मग प्रश्न. "एखादा प्रसंग सांगा" अशा चालीचे. सगळ्यांना तेच प्रश्न, त्याच क्रमानं. उत्तर सुचवायचं नाही. बाई गप्प झाली तर आपणही गप्प बसायचं. हे शेवटचं मला फार जड गेलं. कुणी गप्प झालं की मला वाटतं माझंच काही चुकलं.

आणि तिचा एक हट्ट होता. जो प्रश्न दुसऱ्याला विचारायचा त्याचं उत्तर आधी आपण द्यायचं. शेठच्या केबिनमध्ये तिनं मला विचारलं, "सगळे घाबरले होते असा एक प्रसंग सांगा. तेव्हा तुम्ही काय केलंत?"

मी म्हटलं, "पळाले."

शेठ हिशेब बघत बसले होते, तिथूनच हसले. "मंगलबेनना ऑलिंपिकला पाठवा!"

पूर्वीबेनही हसली. मीही हसले. पण मनात आलं, ह्या प्रश्नाला जिचं उत्तर असं आहे तिनं सहा बायकांची परीक्षा घ्यायची?

सहाही आमच्याच हाताखालच्या. उधव्याच्या बाजूच्या एकाच पाड्यावरच्या, एकाच टमटममधून येणाऱ्या. मी मनातून रमीला धरलं होतं. रमीचा आवाज असा की हौदावरचा मास्तरही दचकावा. बाकीच्याही चांगल्या. लाडकीनं तर अर्जही केला नव्हता, बाकीच्यांनीच तिचं नाव दिलं होतं. "सहा जणी एका टमटमच्या, मग तिलाच का सोडायची?" एवढंच कारण.

मुलाखत केबिनमध्ये ठेवली होती. एसी लावलेला, फिरती खुर्ची. लाडकी पहिली. चपला बाहेर काढून आली आणि खुर्चीच्या मागं उभी राहिली. बस म्हटलं तर काठावर टेकली. खुर्ची फिरली तशी घाबरून उठली. पूर्वीबेननं घाबरण्याच्या प्रसंगाचा प्रश्न विचारला.

लाडकी म्हणाली, "रमीच्या दिराचं लगीन होतं. घर भरलेलं. तवा हादरा झाला. कौलं पडाय लागली. रमीनं म्हातारीला उचलली. जानकीनं पोरं काढली."

"आणि तू?"

"मी काय नाय केलं. मी मागं तांदूळ धूत होते."

"मग?"

"तांदूळ सांडले."

ठरल्याप्रमाणे आम्ही गप्प बसलो. लाडकीही गप्प बसली. ती आमच्यापेक्षा जास्त वेळ गप्प बसू शकत होती. शेवटी पूर्वीबेननंच "थँक्यू" म्हटलं. दार लागल्यावर तिनं मान हलवली. "मासी, ही नाही चालणार."

मी म्हटलं, "बेन, पहिल्या फुग्यावरून लॉट ठरवत नाहीत."

हे मी सहज बोलून गेले, नंतर स्वतःच घाबरले, मालकाच्या मुलीला काय बोलले म्हणून. पण तिनं ऐकलं. मग मी धीर करून आणखी एक बोलले. ह्या केबिनमध्ये कुणी बोलणार नाही. ह्या बायकांना नुसतं हात बांधून बसायची सवय नाही. आपण पॅकिंगच्या बाकड्यावर बसू, चहा मागवू, समोर फुग्यांचं टोपलं ठेवू. हात चालू राहिले की तोंड चालतं.

बाकड्यावर रमी आली. बसल्याबरोबर लाल-पिवळे वेगळे करायला लागली. प्रश्न ऐकला आणि म्हणाली, "हादरा झाला ना लग्नात, तवा! म्हातारी आत खाटंवर. जानकीनं तिचं डोकं धरलं."

"म्हातारीला तू उचललंस ना?"

"कोण बोलला? लाडकी? खोटं! मी नुसते पाय धरले. म्हातारी वरून मनाच शिव्या देत होती, हळू धर रांडं, म्हणून."

तिसरी आली. लग्न, हादरा, म्हातारी. चौथी आली. लग्न, हादरा, जानकीनं काढलेली पोरं. जानकी आली, तर म्हणाली पोरं रमीच्या सासूनं काढली, मी फक्त मोजली.

पूर्वीबेन माझ्या कानाला लागली. "मासी, आ तो बधी गोठवेली स्टोरी छे. बाहेर जाऊन एकमेकींना प्रश्न सांगतायत. सगळ्या एकच पाठ करून आल्यात." तिचा चेहरा उतरला होता. एवढा अभ्यास केला होता पोरीनं. आणि बाहेर ऊन कलायला लागलं होतं.

प्रश्न बाहेर सांगितला जात होता हे खरंच होतं. टमटममधल्या बायका एकमेकींपासून भाजीसुद्धा लपवत नाहीत, प्रश्न काय लपवणार? पण मी ह्यांच्यात इतकी वर्षं काढली आहेत. पाठ केलेली गोष्ट असती तर प्रत्येकीनं त्यात स्वतःला पुढं उभं केलं असतं. इथं तर जी ती दुसरीला पुढं ढकलत होती. पाड्यावर कुणी आपल्या तोंडानं आपलं मोठेपण सांगत नाही. लग्न ठरवायला गेले तरी मुलीचे गुण शेजारीण सांगते, आई नाही. आम्ही एकेकीला बोलावून "तू काय केलंस" विचारत होतो, आणि ती आपण केलेलं सोडून बाकी सगळं सांगत होती. म्हणजे एकीचं उत्तर दुसरीकडे ठेवलेलं होतं. सगळ्यांकडून गोळा करायचं, एवढंच.

मी पूर्वीबेनला हे सांगितलं. ती म्हणाली, "शेवटची बोलवा."

सहावी मंजुळा. हसरी, जाडजूड. तीच गोष्ट सुरू झाली. ह्या वेळी मी मधे विचारलं, "पण तुम्ही सगळ्या निघालात कुठून? पुढं तर मांडव, पाहुणे, दारात गर्दी."

"मागल्या दारानं."

"पाड्यावरच्या घरात मागचं दार कधी मोकळं असतं? मडकी, कणगी, सरपण, सगळं तिथंच."

मंजुळा तोंडावर हात ठेवून हसायला लागली. "ती लाडकी! येडी हाय ती, बाय. सकाळीच आली आणि सगळी मडकी हलवाय लागली. कणगी ढकलली. नवरदेवाची मावशी काय काय बोलली तिला! लग्नघरातली भरली मडकी हलवते, अपशकून करते. आम्ही पण हसलो. ही आपली गप. मडकी मागं अंगणात नेऊन ठेवली, सरपण काढलं, दाराला दगड लावला. मग तांदूळ धुवाय बसली."

"आणि हादरा झाल्यावर?"

"झाल्यावर काय, दार उघडंच होतं. निघालो." तिनं टोपल्यातला एक निळा फुगा ओढून बघितला. "पुढल्या दारावर कौलं पडली ती सगळी. कुणी नव्हतं तिथं म्हणून बरं."

पूर्वीबेननं काही लिहिलं नाही. उठून स्वतः लाडकीला बोलवायला गेली.

लाडकी आली ती घाबरलेलीच. पुन्हा बोलावलं म्हणजे काहीतरी चुकलं, असं तिला वाटलं असणार. मलाही तसंच वाटलं असतं. मी तिच्यासमोर चहा ठेवला. विचारलं, "मडकी का हलवलीस ग?"

ती अजून बाकड्यावरच बसलेल्या मंजुळाकडे रागानं बघायला लागली.

"सांग ना. मावशीनं शिव्या दिल्या तरी का हलवलीस?"

"तुमी नाय का हलवत?" ती म्हणाली.

"मी? काय?"

"खोकी." तिनं मागच्या दाराकडे हनुवटी केली. "रोज. पॅकिंगवाले दारात खोकी लावतात, तुमी ओरडता, ते नाय ऐकत, मग तुमी सोताच हलवता. रोज सकाळी. आम्ही हसतो तुमाला. मग तो हादरा झाला ना दुपारचा, तुमी पळालात. तुमच्या मागनं आम्ही पळालो. दार मोकळं होतं." मग म्हणाली, "लग्नात माणसं लय होती, बाय. मना ती खोकी आठवली."

मी टोपल्यातले फुगे वेगळे करायला लागले, आणि चुकून सगळे लाल-पिवळे एकत्र केले.

खोकी मी हलवायचे ती शूरपणानं नाही. मला कोंडल्यासारखं होतं, दार अडलेलं दिसलं की छातीत धडधडतं, म्हणून. आपल्याकडे सांगण्यासारखं काही नाही, आपण फक्त पळालो, असंच मी इतके दिवस धरून बसले होते. पूर्वीबेननं सांगितलेली सगळी तयारी मी केली होती, तिचा प्रश्न स्वतःला विचारूनही झाला होता. पण माझंही उत्तर माझ्याजवळ नव्हतं. ते ह्या पोरीनं पाड्यावर नेऊन ठेवलं होतं.

पूर्वीबेननं हळूच विचारलं, "लाडकी, वाईट लॉट आला आणि माझे पप्पा समोर उभे असतील, तर तू थांबवशील?"

हा प्रश्न खरं तर आमच्या नियमात बसत नव्हता. "काय करशील"वाला होता. लाडकीनं विचार केला आणि म्हणाली, "लग्नातल्या त्या मावशीपेक्षा शेठ बरे."

संध्याकाळी कंत्राटदार आला. पांढरे बूट, हातात दोन फोन. शेठनी आमच्याकडे बघितलं. पूर्वीबेन म्हणाली, "पप्पा, नाव पक्कं आहे. लाडकी."

"ही कोण? ती बोलतच नाय ती?"

मी आयुष्यात शेठपुढं मोठ्यानं बोलले नव्हते. म्हटलं, "शेठ, ती बोलणार नाही. ती आधीच करून ठेवेल." वाक्य पुरं झालं. शेठनी कंत्राटदाराला चहा पाजला, बिस्किटं दिली, आणि फाटकापर्यंत सोडायला गेले.

तेव्हापासून आमच्या कारखान्यात मुलाखती बाकड्यावर होतात. आधी तयारी होते, प्रश्न सगळ्यांना सारखेच असतात, आणि शेवटी एक जास्तीचा असतो, तो पूर्वीबेननं घातला: तेव्हा बरोबर कोण होतं, आणि त्यांनी काय केलं? एखाद्याच्या उत्तरात त्याच्याशिवाय कुणीच नसलं, तर पूर्वीबेन जरा पुढं सरकून बसते आणि पुन्हा विचारते.

आता मी घरीच असते. गावाकडे जाऊन येते, पण चार दिवसांत इकडची ओढ लागते. ज्या मुलखानं आठवीत शाळा सुटलेल्या बाईला खुर्ची दिली, त्याला दुसऱ्यांचा म्हणवत नाही. परवा सहज कारखान्यात गेले. सगळ्यांनी गराडा घातला, रमीनं ओरडून सगळ्या शेडला सांगितलं, कुणीतरी बसायला स्टूल दिलं. मी गप्पांच्या नादात ते मागच्या भिंतीकडे ओढून टेकले.

लाडकी दुरून आली. हेडचा निळा कोट तिला जरा मोठा होतो. माझ्याजवळ वाकून, कुणाला ऐकू जाणार नाही असं म्हणाली, "बाय, स्टूल दारात आलाय."

मी मागं बघितलं. खरंच आलं होतं. उठले आणि सरकवलं.